हिंगण्यातील खोक्यांचा कारखाना 31 वर्षांचा झाला. आता ऑटो प्लांट लावावा का?

प्रश्न : हिंगणा_पुठ्ठा

नमस्कार. माझ्या बाबांनी 1994 साली नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत भाड्याच्या एका शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवायला सुरुवात केली. त्या वेळी त्यांच्याकडे पिन मारण्याचे एक मशीन, ताव कापण्याचे एक पाते आणि खळ शिजवायचे एक मोठे पातेले एवढेच साहित्य होते. टू-प्लायचे (सपाट कागदावर नालीदार कागद चिकटवलेले) तयार रोल ते दुसऱ्या कारखान्यातून विकत आणत, त्यावर तिसरा कागद ब्रशने खळ लावून चिकटवत आणि ओले ताव एकावर एक रचून वर फळी व फळीवर विटा ठेवून दाबत. डिसेंबर-जानेवारीत ते ताव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही वाळत नसत, म्हणून आई शेडमागच्या मोकळ्या जागेत उन्हाबरोबर त्यांची जागा बदलत राहायची. पहिले गिऱ्हाईक इतवारीतले मसाल्याचे आणि फरसाणाचे व्यापारी होते. तयार खोकी सायकल-रिक्षावर लादून बाबा स्वतः पोहोचवत.

1999 मध्ये स्वतःचे सिंगल फेसर, म्हणजे टू-प्लाय बनवणारे मशीन, आले, 2004 मध्ये स्वतःचा भूखंड आणि शेड झाली, 2011 मध्ये ताव चिकटवणारे शीट पेस्टिंग मशीन, घडीच्या रेघा पाडणारी रोटरी आणि खाचा पाडणारा स्लॉटर बसला. मी 2016 पासून हिशेब आणि खरेदी पाहते. सगळ्यांत कठीण काळ 2021 चा होता. चीनने त्या वर्षीच्या 1 जानेवारीपासून रद्दी कागदाची आयात पूर्ण बंद केली आणि आपल्याकडच्या कागद गिरण्यांचे क्राफ्टचे (खोक्यांच्या तपकिरी कागदाचे) रोल तिकडे जाऊ लागले. आमच्या गिरणीचा दर तेव्हा महिन्यातून दोनदा बदलत होता, आणि गिऱ्हाइकांशी मात्र आमचे दर सहा महिन्यांचे ठरलेले होते. त्या वर्षी बाबांनी आईचे दागिने गहाण ठेवून पगार केले, हे मला फार नंतर कळले.

आज आमच्याकडे 26 माणसे आहेत, महिन्याला सुमारे 90 टन माल निघतो, विक्री 50 लाखांच्या आसपास आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक दोन गिऱ्हाइकांकडून येते. यांपैकी एक खाद्यपदार्थांचे मोठे गिऱ्हाईक आहे. यंदा जुलैमध्ये त्यांच्या गोदामात आमच्या फाइव्ह-प्लाय (पाच थरांच्या) खोक्यांची थप्पी खचली. मी स्वतः जाऊन पाहिले. सर्वांत खालच्या खोक्याचे चारही कोपरे आत दुमडले होते आणि बोट लावले की पुठ्ठा ओल्या भाकरीसारखा दबत होता. त्यांनी माल परत केला. संबंध मात्र तोडला नाही. उलट मागणी दुप्पट करण्याची तयारी दाखवली, पण अटी घातल्या: पिन नको, चिकटवलेला जोड हवा, आणि प्रत्येक लॉटबरोबर कॉम्प्रेशन चाचणीचा, म्हणजे खोके किती भाराखाली दबते याचा, अहवाल हवा.

माझ्या भावाचे मत आहे की यावर ऑटोमॅटिक कोरुगेशन प्लांट, म्हणजे कागदाच्या रोलपासून सलग तयार पुठ्ठा काढणारी लाइन, हाच उपाय आहे. मशीन, बॉयलर आणि शेडची वाढ धरून खर्च 4 कोटी निघतो आणि बँक 3 कोटी द्यायला राजी आहे. बाबा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. आमच्यासारख्या कारखान्याने वाढताना कोणती पायरी आधी चढावी आणि कोणती नंतर, हे या वाटेने गेलेल्या मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : बुटीबोरी_जुना

ताई, नमस्कार. तुमच्या बाबांच्या शेडमधील विटा वाचून मला माझे दिवस आठवले. आम्हीही तयार टू-प्लाय आणूनच सुरुवात केली होती. या मालाचा इतिहास मजेचा आहे: नालीदार कागदाचे पहिले पेटंट 1856 साली इंग्लंडमध्ये उंच टोप्यांच्या अस्तरासाठी निघाले, 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो कागद बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी वापरला, आणि 1874 मध्ये ऑलिव्हर लाँगने त्याच्या एका बाजूला सपाट कागद चिकटवला. तुमचे बाबा 1994 मध्ये जो रोल विकत आणत होते, तो हाच.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मी ऑटो प्लांट लावला आहे आणि तो आज नीट चालतो, परंतु पहिली तीन वर्षे मी जे भोगले ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून आकडे मांडतो. तुमच्या फाइव्ह-प्लायमध्ये पाचही कागद 150 जीएसएमचे (चौरस मीटरला 150 ग्रॅम) धरले, तर तीन सपाट कागदांचे 450 ग्रॅम आणि दोन नाल्यांचे, कागद नागमोडी झाल्यामुळे सुमारे 1.4 पट, म्हणजे 420 ग्रॅम, असा एक चौरस मीटर पुठ्ठा 870 ग्रॅमचा होतो. 1.6 मीटर रुंदीची लाइन मिनिटाला 100 मीटर चालली तर तासाला 8 टनांहून अधिक पुठ्ठा बाहेर पडतो. रोल बदलणे, माप बदलणे, कागद तुटणे यांत निम्मा वेळ गेला असे मानले, तरी आठ तासांच्या एका पाळीत 33 टन निघतील. याचा अर्थ तुमचा सबंध महिन्याचा माल तीन पाळ्यांच्या आत संपेल. उरलेले दिवस ते मशीन उभे राहील. हप्ता मात्र उभा राहत नाही.

3 कोटींचे कर्ज सात वर्षांसाठी 10 टक्के व्याजाने घेतले तर महिन्याचा हप्ता जवळजवळ 5 लाख पडतो. तो तुमच्या 90 टनांवर विभागला तर किलोमागे साडेपाच रुपये होतात. खोक्यांच्या धंद्यात किलोमागे साडेपाच रुपये निव्वळ सुटणे ही काय गोष्ट आहे, हे तुम्ही हिशेब पाहता म्हणून वेगळे सांगत नाही. एकूण मागणीच दुप्पट झाली तर भार निम्मा होईल हे खरे, पण मग दुसरी गाठ पडते. तुम्ही गिरणीला किती दिवसांत पैसे देता आणि गिऱ्हाईक तुम्हाला किती दिवसांत देते, यांतील अंतर दोन महिन्यांचे असेल, तर विक्री 50 लाखांवरून 1 कोटीवर जाताना आणखी 1 कोटी रुपये उधारीत अडकतील. बँकेने देऊ केलेल्या 3 कोटींत हा आकडा आहे का, ते आधी पाहावे. माझ्या प्रकल्प अहवालात तो नव्हता. मशीन दिमाखात उभे होते आणि कागद आणायला पैसे नव्हते, म्हणून मी पहिल्या वर्षी जास्त दराने उधारीचा कागद उचलला आणि जो फायदा मशीनने व्हायचा, तो तिथेच गेला.

आणखी एक गोष्ट अशी की ऑटो प्लांटला लांब ऑर्डरी लागतात. तुमच्याकडे चाळीस गिऱ्हाइकांची चाळीस मापे असतील आणि प्रत्येकाची पाचशे-हजार खोकी असतील, तर प्रत्येक मापाला डेकल (लाइनवरील कागदाची रुंदी) जुळवताना कडेची कतरण वाढते आणि वेगवेगळ्या रुंदीचे, वेगवेगळ्या जीएसएमचे रोल साठवून ठेवावे लागतात. बॉयलर पहाटे पेटवायचा, वाफ धरायची आणि दोन तासांच्या कामानंतर विझवायचा, हे मी महिनोन्महिने केले आहे. त्या काळी आमच्या बॉयलर अटेंडंटला सर्वांत जास्त वेळ बसून राहावे लागे, आणि मला त्याच्याकडे पाहवत नसे.

माझी सूचना अशी आहे की या एका गिऱ्हाइकासाठी लागणारे फाइव्ह-प्लायचे ताव तूर्त ऑटो प्लांट असलेल्या कारखान्याकडून विकत घ्यावेत. नागपूरच्या परिसरात अशी क्षमता रिकामी असते. मी स्वतः असे ताव पुरवतो आणि माझ्यासारखे इतरही पुरवतात. तुम्ही छपाई, स्लॉटिंग आणि चिकटवलेला जोड यांवर खर्च करावा. बाबांनी 1994 मध्ये टू-प्लाय विकत घेऊन जे केले तेच तुम्ही पुढच्या पायरीवर कराल, त्यात कमीपणा नाही. महिन्याला अडीचशे-तीनशे टन माल स्थिरपणे जाऊ लागला की ऑटो प्लांटचा विचार मोकळ्या मनाने करावा.

उत्तर 2 : धंतोली_करसल्ला

वरील उत्तरातील आकड्यांना एक जोड देतो, कारण सध्याच्या जीएसटीत हा निर्णय पूर्वीपेक्षा वेगळा झाला आहे. खोक्यांवर 1 जुलै 2017 ला 12 टक्के कर लागला, 1 ऑक्टोबर 2021 पासून तो 18 झाला, 15 जुलै 2024 पासून पुन्हा 12 झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांवर आला. त्याच दिवशी क्राफ्ट कागदावरील कर मात्र 12 वरून 18 झाला. तयार मालावर कमी आणि कच्च्या मालावर जास्त, अशी ही उलटी रचना आहे.

ताईंच्या आकड्यांवर ती अशी बसते. महिन्याची विक्री 50 लाख आणि कागद विक्रीच्या 65 टक्के, म्हणजे साडेबत्तीस लाखांचा, असे धरू. कागदावर 5 लाख 85 हजार कर भरला जाईल आणि खोक्यांवर अडीच लाख वसूल होईल. उरलेले 3 लाख 35 हजार दर महिन्याला क्रेडिट खात्यात, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वजा करण्याच्या खात्यात, साठत जातील. त्यांचा परतावा मागता येतो, त्याची मुदत दोन वर्षांची आहे, पण मागेपर्यंत आणि मिळेपर्यंत ते तुमचेच खेळते भांडवल आहे. त्यामुळे परताव्याचा अर्ज वर्षाच्या शेवटी न करता दर महिन्याला करण्याची शिस्त आतापासून लावावी.

महत्त्वाचा मुद्दा यापुढे आहे. या परताव्याच्या सूत्रात कागद, स्टार्च, शाई अशा कच्च्या मालावरील क्रेडिट धरले जाते. यंत्रसामग्रीवरील क्रेडिट धरले जात नाही. समजा 4 कोटींपैकी 3 कोटींचे यंत्र आहे, तर त्यावरील 18 टक्के म्हणजे 54 लाख रुपये तुमच्या क्रेडिट खात्यात येतील, परंतु खोक्यांवरचा 5 टक्के कर कागदाच्याच क्रेडिटमधून फिटून वर शिल्लक राहत असल्याने ते 54 लाख वापरायला वाटच उरणार नाही. पूर्वी हे क्रेडिट हळूहळू वापरले जाई, म्हणून जुन्या प्रकल्प अहवालांत यंत्राची किंमत कर वगळून मांडत असत. आता ती करासह मांडावी लागेल. क्रेडिट न घेता कराची रक्कम यंत्राच्या किमतीत धरून तिच्यावर घसारा घेण्याचा पर्याय आहे. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. बिल नोंदवण्यापूर्वी तुमच्या सीएंबरोबर बसून हे ठरवावे. मी अशी प्रकरणे पाहिली आहेत की हा विचार नोंदीनंतर झाला.

वसुलीबाबत एक हत्यार तुमच्या हाती आहे आणि बहुतेक उद्योजक ते संकोचाने वापरत नाहीत. उद्यम (केंद्र सरकारची लघुउद्योग) नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, असा कायदा 2006 पासून आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. 1 एप्रिल 2024 पासून आयकर कायद्याप्रमाणे अशा मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. त्यामुळे मोठ्या गिऱ्हाइकांचा लेखा विभाग मार्च महिन्यात स्वतःहून फोन करू लागला आहे. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापावा. मात्र हीच तरतूद तुमच्यावरही लागू आहे: तुमची कागद गिरणी लघु गटात असेल, तर तिचे पैसेही त्याच मुदतीत गेले पाहिजेत.

उत्तर 3 : एलआयटी_कागदवाला

मी लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत कागद तंत्रज्ञान शिकलो आणि पुढे बरीच वर्षे पुठ्ठ्याच्या गुणवत्तेचे काम केले. वरील दोन्ही उत्तरे पैशांबद्दल आहेत आणि ती योग्यच आहेत, परंतु ताईंच्या प्रश्नाचे मूळ त्या खचलेल्या खोक्यात आहे आणि त्याबद्दल अजून कुणी बोलले नाही.

आपल्याकडे बहुतेक कारखाने कागद बीएफवर (बर्स्टिंग फॅक्टर, म्हणजे वजनाच्या मानाने फुटण्याला विरोध) विकत घेतात आणि खोके बर्स्टिंगवर विकतात. 18 बीएफचा 150 जीएसएम कागद म्हणजे प्रत्येक थराला 2.7 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. सपाट कागद पूर्ण आणि नाल्या निम्म्या धरण्याच्या रूढ पद्धतीने तुमच्या फाइव्ह-प्लायचे बर्स्टिंग 10.8 येते. हा आकडा कागदावर चांगला दिसतो, पण बर्स्टिंग म्हणजे पुठ्ठा फुटण्याला किती विरोध करतो, आणि थप्पीतले खोके फुटत नाही, ते उभ्या भाराखाली दबते. त्यासाठी पुठ्ठ्याच्या उभ्या कडेची ताकद आणि पुठ्ठ्याची जाडी लागते. 1963 मध्ये मांडलेल्या मॅकी यांच्या सूत्रात खोक्याची ताकद कडेच्या ताकदीच्या प्रमाणात आणि परिघ गुणिले जाडी यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. नाली दबली, जाडी गेली, की तीच नाली कडेची ताकदही घेऊन जाते.

आता तुमच्या पद्धतीत नाली कुठे दबते, ते पाहा. पेस्टिंग मशीनवर खळ पातळ असते, ओला ताव थप्पीत दाबला जातो, मग तो नीट वाळण्याआधी रोटरीवर चढतो, आणि शेवटी छपाईचे रोलर त्याला पुन्हा दाबतात. ऑटो लाइनवर खळीतील बहुतांश स्टार्च कच्चाच असतो आणि तो गरम प्लेटवर साठ-पासष्ट अंशांच्या आसपास तिथल्या तिथे घट्ट होतो, त्यामुळे पाणी कमी जाते आणि पुठ्ठा सपाट व कोरडा बाहेर येतो. फरक खरा आहे, तुमच्या भावाचे म्हणणे चूक नाही. परंतु तुमच्याकडील मशीनवरही यातील बराच फरक भरून निघू शकतो.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. जुलैमधला तो लॉट पेस्टिंगनंतर किती तासांनी रोटरीवर गेला? गोदामात थप्पी खोक्यावर खोके अशी सरळ होती की विटांच्या बांधकामासारखी आडवीतिडवी? आणि खोकी पॅलेटच्या कडेबाहेर आली होती का? खोक्याचा भार मुख्यतः चार कोपरे उचलतात. आडवीतिडवी रचना केली की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या मधल्या, दुबळ्या भागावर बसतो, आणि पॅलेटबाहेर आलेला कोपरा तर हवेतच असतो.

नागपूरच्या हवेचाही यात मोठा वाटा आहे. प्रयोगशाळेत खोके 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेत तपासतात. आपल्याकडे ऑगस्टमध्ये आर्द्रता 90 च्या पुढे गेली की त्याच खोक्याची ताकद जवळपास निम्मी राहते, आणि भार महिनाभर अंगावर राहिला तर ती आणखी घटते. समजा भरलेले खोके 12 किलोचे आहे आणि थप्पी सहाची आहे. सर्वांत खालच्यावर 60 किलो येतात. कागदोपत्री 120 किलोचे खोके पुरेसे वाटेल, पण पावसाळा, महिनाभराची साठवण आणि हाताळणी धरून मी 250 ते 300 किलोचे मागेन. मे महिन्यात याच्या उलट होते: कागद इतका सुकतो की घडीवर सपाट कागदाला चिरा पडतात. जुने कारागीर तेव्हा शेडमध्ये जमिनीवर पाणी मारतात आणि रोल उन्हाच्या बाजूला ठेवत नाहीत. त्यांनी कुठलेही पुस्तक न वाचता हे ओळखले आहे.

कागदाची आर्द्रता मोजायचे हातातले मीटर आणि एक कॉम्प्रेशन टेस्टर, या दोन गोष्टी सर्वांत आधी घ्याव्यात. 4 कोटींच्या तुलनेत त्यांची किंमत नगण्य आहे. आयएस 2771 हे खोक्यांचे भारतीय मानकही एकदा पूर्ण वाचावे, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलताना दोघांच्या हाती एकच माप राहील.

हिंगणा_पुठ्ठा

सर्वांचे मनापासून आभार. सरांच्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायला मी जुने उत्पादन रजिस्टर काढले. तो लॉट पेस्टिंगनंतर साडेपाच तासांनी रोटरीवर गेला होता. पावसाची झड लागलेली होती आणि गाडी संध्याकाळी उभी होती म्हणून घाई झाली. एरवी आम्ही रात्रभर ठेवतो. गोदामात काढलेले माझ्या मोबाइलमधील फोटो पुन्हा पाहिले, तर खचलेली थप्पी आडवीतिडवी रचलेली आहे आणि पॅलेटच्या एका बाजूला चार बोटे बाहेर आहे. त्या दिवशी मी फक्त आमच्या पुठ्ठ्याकडे पाहत होते.

कराचा 54 लाखांचा मुद्दा भावाला वाचून दाखवला. त्याच्या अहवालात यंत्राची किंमत कर वगळूनच होती.

उत्तर 4 : काटोल_संत्रा

मी खोकी बनवत नाही, विकत घेतो, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. आमचा संत्रा आंबिया बहारात ऑक्टोबरपासून आणि मृग बहारात फेब्रुवारीपासून निघतो. पूर्वी तो लाकडी पेट्यांतून जात असे. आता दूरच्या बाजारात आणि निर्यातीत पुठ्ठ्याच्या खोक्यालाच भाव आहे, जवळच्या बाजाराला प्लास्टिकचे क्रेट चालतात. ताई, तुमचे निम्म्याहून अधिक काम दोन गिऱ्हाइकांवर आहे असे वाचले. वाढ करायचीच असेल तर आमच्याकडेही पाहावे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात हंगामात खोक्यांसाठी अक्षरशः धावपळ होते आणि बरीच खोकी बाहेरून येतात.

परंतु संत्र्याचे खोके बिस्किटाच्या खोक्यासारखे नसते, हे लक्षात ठेवावे. फळ आतून वाफ सोडते आणि बंद गाडीत दोन दिवसांत खोके आतून ओले होते. हवेसाठी भोके लागतात. एका पुरवठादाराने ती कोपऱ्यालगत पाडली होती आणि खालचा सबंध थर बसला, आतला माल रस होऊन वाहिला. भोके लांबट आणि कोपऱ्यापासून दूर असावीत, हे आम्ही तो तोटा सोसून शिकलो. शिवाय आमची मागणी बारमाही नाही. हंगामाचे चार-पाच महिने तुम्ही रात्रंदिवस कराल आणि नंतर शांतता असेल. उधारीबाबतही स्पष्ट सांगतो: शेतकऱ्याचा माल विकला गेला की तो पैसे देतो, पण व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय काम हाती घेऊ नका.

उत्तर 5 : बुटीबोरी_जुना

काटोलच्या मित्रांनी लिहिलेले मी मुद्दाम उचलून धरतो. तुमच्या त्या मोठ्या गिऱ्हाइकाने मागणी दुप्पट केली, तर विक्रीतील त्याचा एकट्याचाच वाटा निम्म्याजवळ जाऊ शकतो. मग दर तो ठरवील आणि मुदतही तोच ठरवील. मी एकेकाळी एका गिऱ्हाइकासाठी प्लांटची रुंदी निवडली होती. त्याने दोन वर्षांनी खोक्याचे माप बदलले आणि माझ्या लाइनवर प्रत्येक तावामागे हातभर कतरण पडू लागली. हंगामी काम घेतले तर निदान जोखीम वाटली जाते, आणि हंगामातील जादा ताव विकत घेता येतात; त्यासाठी स्वतःचे मशीन वर्षभर पोसावे लागत नाही.

समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून भिवंडीकडील कारखान्यांचा माल इकडे सहज पोहोचतो, ही धास्ती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. माझा अनुभव असा की खोके म्हणजे बहुतांशी हवा असते आणि हवा 700 किलोमीटर वाहून आणणे कुणालाच परवडत नाही. स्थानिक कारखान्याला त्यामुळेच जागा राहते. मात्र चपट्या तावांबाबत हे खरे नाही. ते गाडीत ठासून भरता येतात. म्हणून ताव विकत घेताना दोन ठिकाणचे दर हाताशी ठेवावेत, त्यांत माझाही एक असला तरी.

हिंगणा_पुठ्ठा

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही करून मगच लिहावे असे ठरवले होते. आर्द्रतेचे मीटर त्याच आठवड्यात घेतले. पेस्टिंगनंतर किती तासांनी तावात किती ओल राहते, याची नोंद बाबा स्वतः ठेवत आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मीटर लावण्याआधी तावाचा कोपरा अंगठ्याने दाबला, आकडा सांगितला आणि मग मीटर पाहिले. ते अर्ध्या टक्क्याने चुकले होते. आता पेस्टिंगनंतर किती तासांनी ताव रोटरीवर न्यायचा, याची पाटी शेडमध्ये लागली आहे आणि गाडी उभी असली तरी ती मोडायची नाही, असे भावाने स्वतः सांगितले आहे.

कॉम्प्रेशन टेस्टरची ऑर्डर दिली आहे. गिऱ्हाइकाच्या गोदाम व्यवस्थापकांना फोटो दाखवून थप्पी सरळ रचण्याची आणि पॅलेट मोठे घेण्याची विनंती केली. ती त्यांनी मान्य केली आणि लेखी दिली. त्यांच्या खोक्यांसाठी फाइव्ह-प्लायचे 2,000 ताव बाहेरून आणून नमुना लॉट तयार केला आहे. जोड चिकटवण्यासाठी सध्या हातानेच काम चालू आहे, दोन बायका दिवसाला सहाशे खोकी करतात. फोल्डर ग्लुअरचे (घडी घालून जोड चिकटवणाऱ्या मशीनचे) दर मागवले आहेत. मागणीतील वाढ मात्र आम्ही दुपटीऐवजी चाळीस टक्क्यांपर्यंतच घेऊ असे कळवले आहे आणि 45 दिवसांचा लेखी करार मागितला आहे. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.

काटोलच्या दादांना विनंती आहे की मृग बहारासाठी किती फळांचे आणि किती किलोचे खोके लागेल, भोके कुठे हवीत आणि खोके गाडीत किती थर चढते, हे कळवावे. टेस्टर जानेवारीत येईल. त्याच्यावर सर्वांत आधी संत्र्याचे खोके ठेवायचे, असे बाबांनी सांगितले आहे.